सुतार बोलतो वेगळा, वाजवितो वेगळा

आज मला आपल्याशीं सुतारपक्ष्याविषयीं बोलावयाचें आहे; आणि तेंहि त्याच्या रंगरूपाविषयीं नव्हे, तर त्याच्या आवाजाविषयीं. हें भाषण ठरलें तेव्हां माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, रेडिओवरून पक्षी दाखविणार कसा?" मीं त्याला सांगितलें कीं, सुतारपक्ष्यापुरता विचार केला तर रेडिओच बरा. त्याला पाहावयास निघालेला मनुष्य बहुधा मान अवघडवून घेऊन परत येतो. आपण झाडाच्या उजव्या अंगास गेलों कीं हा खोडाआडून डाव्या अंगास सरकतो. आपण वळसा घातला कीं तोहि वळसा घालतो. पण त्याला गप्प बसवत नाहीं. उडतांना ओरडेल, बसल्यावर ठोकील, आणि माघ-फाल्गुनांत तर एखाद्या वाळक्या फांदीवर असा ठेका धरील कीं सारी आळी ऐकत राहावी. असा जो लपतो पण बोलतो, त्याचा माग कानांनींच काढला पाहिजे.

माझ्यापुरतें म्हणाल तर ही हौस राहिली नसून गरज झाली आहे. सेवानिवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं माझ्या उजव्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचें निष्पन्न झालें, आणि तेंहि पुष्कळ उशिरा. मोतीबिंदू काढतां येतो. काचबिंदूनें गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं, उरली असेल तेवढी जपावयाची. तेव्हांपासून थेंब वेळच्या वेळीं घालतों आणि दुर्बीण नातीच्या स्वाधीन केली आहे. ती पाहते, मी ऐकतों. दोघांचें एकमत झालें तर पक्ष्याचें नांव वहींत लिहितों. न झालें तर बहुधा माझें खरें निघतें, असें मी म्हणतों. तिचें म्हणणें निराळें आहे.

मी राहतों दिव्यास. मध्य रेल्वेनें प्रवास करणारांना हें नांव ठाऊक असतें तें गर्दीमुळें. येथून एक फांटा वसईकडे जातो, एक पनवेलकडे, आणि मधून कल्याणच्या गाड्या अहोरात्र धडधडत असतात. फेब्रुवारी २०२२ मध्यें ठाणें-दिवा दरम्यान आणखी दोन मार्ग सुरू झाले. प्रवाशांची सोय झाली हें खरें, पण माझ्यासारख्याच्या वांट्याला येणारी शांतता आणखी थोडी कातरली गेली. अशा गांवीं पक्ष्यांचे आवाज टिपावयाचे म्हणजे भर बाजारांत बसून सतार ऐकण्यासारखें आहे. तरी दोन गाड्यांच्या मध्यें मिनिटभराची फट मिळते, तेवढ्यांत काम भागतें. शिवाय रविवारचा मेगाब्लॉक असतो. सारे लोक ज्याच्या नांवानें बोटें मोडतात, त्या मेगाब्लॉकची आतुरतेनें वाट पाहणारा उभ्या मुंबई-ठाण्यांत मीच एकटा असेन.

आतां मूळ विषयाकडे वळतों. त्याचा आरंभ माझ्या एका चुकीपासून करावा लागेल.

गोष्ट १९८६ सालची. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें मास्तरकीचा अभ्यासक्रम पुरा करून दिव्याजवळच्या एका प्राथमिक शाळेंत मी रुजू झालों होतों. त्या काळीं दिवा, दातिवली, आगासन, बेतवडे या बाजूला भातखाचरें पसरलेलीं असत आणि खाडीच्या अंगाला खारबांध. शाळेच्या खिडकीबाहेर एक मोठा उंबर होता. एके दिवशीं निसर्गपाठ चालू असतां त्या उंबरांतून आवाज येऊं लागला : टुक, टुक, टुक, टुक. मला वाटलें, पाठाला प्रत्यक्ष उदाहरणच चालून आलें. मीं खडू खालीं ठेवला आणि म्हटलें, "ऐका मुलांनो, हा सुतारपक्षी. चोंचीनें झाड कोरतो आहे." मागच्या रांगेंतला एक आगरी मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, यो सुतार नाय. यो तांबट हाय." वर्ग हंसला. मला राग आला. "तुला फार कळतें, बस खालीं," असें म्हणून मीं त्याला बसविलें आणि पाठ पुढें चालू ठेवला.

तीन-चार दिवसांनीं मधल्या सुटींत मी त्याच उंबराखालीं उभा होतों. पुन्हां टुक, टुक सुरू झालें. या खेपेस पक्षी दिसला. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर कुंकवासारखा लाल टिळा. तो कांहींच कोरीत नव्हता. फांदीच्या टोंकावर स्वस्थ बसला होता, चोंच मिटलेली होती, आणि प्रत्येक 'टुक'बरोबर त्याच्या गळ्याची कातडी फुगत होती. म्हणजे हा ठोका मुळीं लांकडावरचा नव्हताच. तो कंठांतला होता. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत चूक कबूल केली आणि त्या मुलाला विचारलें, "मग सुतार ओळखावयाचा कसा?" तो म्हणाला, "सुतार बोलतो वेगला, नं वाजवतो वेगला."

श्रोतेहो, या विषयावर मीं पुढें पुष्कळ वाचलें. सालीम अली यांचें १९४१ सालीं प्रथम निघालेलें 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हें पुस्तक मॅट्रिकच्या इंग्रजीवर आणि एका जाड कोशाच्या आधारानें पानापानानें उलगडलें. पण त्या मुलाच्या एका वाक्यांत जें सूत्र होतें त्याहून निराळें मला फारसें कांहीं सांपडलें नाहीं. आवाज कानीं पडला कीं पहिला प्रश्न हाच विचारावयाचा : हा आवाज कंठांतून आला कीं लांकडांतून?

वरवर पाहतां हा प्रश्न सोपा वाटतो. पण आपल्या भाषेनेंच त्यांत थोडा गोंधळ करून ठेविला आहे. आपण या दोन्ही पक्ष्यांना कारागिरांचीं नांवें दिलीं : एक सुतार, दुसरा तांबट. दोघेहि ठोकणारे कारागीर, तेव्हां दोघांचा आवाज ठोकण्याचाच असणार, अशी आपली समजूत होते. वास्तविक तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा स्वर म्हणून तांबट हें नांव पडलें. तो पक्षी हातोडी चालवीत नाहीं. सुताराला मात्र त्याच्या धंद्यावरूनच नांव मिळालें. संस्कृतांतहि त्याला दार्वाघाट किंवा काष्ठकूट म्हणतात, म्हणजे लांकडावर घाव घालणारा. हे दोन पक्षी एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत, आणि तांबटहि आपली ढोली चोंचीनें कोरतो, ही आणखी एक मौज. पण ज्या टुक-टुक आवाजानें दुपारभर आपली झोंपमोड होते, तो गळ्याचा.

यांतील फरक कानाला असा कळतो. तांबटाचा टुक-टुक हा सुरांत असतो; पेटीवर एकच पट्टी दाबीत बसावें तसा. तो मिनिटाला शंभरांच्या आसपास पडतो आणि मिनिटामागून मिनिट चालतो. तांबट मान इकडेतिकडे वळवीत असल्यामुळें आवाज कधीं जवळचा, कधीं लांबचा वाटतो. लांकडावरच्या ठोक्याला असा गाता सूर नसतो. त्याला घुमारा असतो, आणि तो घुमारा पक्ष्याचा नसून त्या फांदीचा असतो. तीच गोष्ट रातव्याची. येऊरच्या रानालगत राहणारे लोक कधीं कधीं सांगतात, "रात्रभर सुतारपक्षी ठोकत होता." सुतारपक्षी सूर्यास्तानंतर ढोलींत जाऊन झोंपतो. रात्रीं चक्-चक्-चक् असें लांकूड ठोकल्यासारखें बोलणारा तो रातवा, आणि त्याचाहि आवाज कंठाचाच.

समजा, आवाज लांकडाचाच आहे अशी खात्री झाली. मग दुसरा प्रश्न : हें काम आहे कीं निरोप? येथें पुष्कळ जाणतीं माणसेंहि फसतात. सुतारपक्षी झाडावर तीन प्रकारें चोंच मारतो. पहिला प्रकार चाचपणीचा. सालीखालीं अळी किंवा मुंग्यांची वाट आहे कीं काय हें तो हलक्या हातानें ठोकून पाहतो. (येथें वक्त्यांनीं पेन्सिलीनें टेबलावर थांबत-थांबत ठोकून दाखविलें.) हा आवाज अनियमित, दोन ठोके, विसावा, एक ठोका, मग बराच वेळ कांहीं नाहीं. गिऱ्हाईक मडकें वाजवून पाहतें तसें. दुसरा प्रकार ढोली कोरण्याचा. तो जड, बद्द आणि संथ असतो, आणि मधून मधून भुसा बाहेर टाकण्यासाठीं थांबतो. या दोन्ही वेळीं आवाज हा कामाचा अपरिहार्य भाग आहे. पक्ष्याला तो कोणाला ऐकवावयाचा नसतो.

तिसरा प्रकार मात्र ऐकविण्यासाठींच असतो. (येथें वक्त्यांनीं दोन पेन्सिली घेऊन टेबलावर जलद ठेका धरला.) हा खरा ठेका. यांत खाणें नाहीं, घर बांधणें नाहीं. वाळकी, पोकळ, चांगली घुमणारी फांदी शोधावयाची, तिच्यावर पायांनीं व शेंपटीनें पक्का ठिय्या द्यावयाचा, आणि चोंचीनें अशी झड लावावयाची कीं कांहीं जातींत एका सेकंदांत वीसच्या आसपास ठोके पडतात. हा झाला निरोप : ही हद्द माझी आहे, दुसऱ्यानें येऊं नये, आणि जोडीदारीण जवळ असेल तर तिनें ऐकावें. पुष्कळ जातींत माद्याहि ठेका धरतात. चांगली फांदी सांपडली कीं पक्षी रोज तिच्यावरच येतो. वादक आपलें वाद्य बदलीत नाहीं तसा. परदेशांत ते घराच्या पत्र्यावर नि धुराड्याच्या टोपणावर ठेका धरून घरमालकाची झोंप उडवितात, त्याचें कारण हेंच. त्यांना पत्र्यांत किडे मिळत नाहींत, त्यांना पत्र्याचा घुमारा हवा असतो.

चिमण्या, बुलबुल, दयाळ हे जें काम गाण्यानें करतात तें सुतारपक्षी ठेक्यानें करतो. ही माझी कल्पना नव्हे. २०२२ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं असें दाखविलें कीं, गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूंत गाणें शिकण्याशीं संबंधित जीं केंद्रें असतात, त्यांच्याशीं जुळतीं केंद्रें सुतारपक्ष्याच्याहि मेंदूंत आहेत, आणि तीं ठेका धरतांना जागीं होतात. तबलजीला गवय्याच्या पंगतींत बसवावें कीं नाहीं हा आपल्याकडचा जुना वाद; पक्ष्यांच्या बाबतींत तो मिटला म्हणावयास हरकत नाहीं.

डोकें दुखत नाहीं का, हा प्रश्न शाळेंत प्रत्येक वर्षीं कोणीतरी विचारीच. या प्रश्नावर विचार करणाऱ्या दोघां डॉक्टरांना २००६ सालीं 'इग् नोबेल' नांवाचें गमतीचें पारितोषिक मिळालें. मी स्वतः वर्षानुवर्षें मुलांना सांगत आलों कीं, त्याच्या कवटींत स्पंजासारखें हाड असून तें धक्का शोषून घेतें. २०२२ सालींच बेल्जममधील अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनीं ठोकणाऱ्या पक्ष्यांची जलद चित्रें घेऊन दाखविलें कीं, कवटी धक्का शोषीत नाहीं. ती घट्ट हातोडीसारखी वागते. शोषून घेतला तर घाव फुकट जाईल, हें कोणत्याहि सुताराला विचारलें असतें तरी त्यानें सांगितलें असतें. मेंदू लहान असल्यामुळें एवढा धक्का त्याला सोसतो. तेव्हां माझ्या हाताखालून गेलेल्या सर्व विद्यार्थ्यांना ही दुरुस्ती येथूनच कळवितों.

आतां जाती. भारतांत सुतारपक्ष्यांच्या तीसांहून अधिक जाती आहेत. त्या सर्व सांगून मी आपणांस शिणवीत नाहीं. ठाणें-कल्याणच्या माणसानें एक जात कानांत पक्की बसविली म्हणजे बाकीच्यांचा फरक आपोआप कळूं लागतो. ती जात म्हणजे सोनपाठी सुतार. साळुंकीहून मोठा, पाठ सोन्यासारखी पिवळी, डोक्यावर लाल तुरा. माडांच्या बागा, आमराया, रस्त्याकडेचीं जुनीं झाडें, एवढ्यावर तो समाधान मानतो; म्हणूनच इमारतींच्या गर्दींतहि तो टिकून आहे. त्याचा कंठरव म्हणजे खिंकाळीसारखें एक कर्कश हास्य : कि-कि-कि-कि-कि-र्‍र्‍र्‍, जोरानें सुरू होऊन शेवटीं विरत जाणारें. तो बहुधा एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे झोके घेत उडतांना हें हसतो.

येथें एक सावधगिरी. आपला पांढऱ्या छातीचा खंड्या उडतांना असाच खिदळतो, आणि दिव्यासारख्या खाडीकांठच्या गांवीं दोघेहि असतात. मी स्वतः दोन पावसाळे फसलों. पुढें लक्षांत आलें तें असें : खंड्याचें हास्य जास्त सुटें, एकेक मणी वेगळा ऐकूं येतो, आणि तो बसल्या जागेवरून लांब, कापरी शीळहि घालतो. सोनपाठ्याचें हास्य घाईचें, एकांत एक मिसळलेलें, आणि त्यानंतर दोन-चार क्षणांत लांकडावर नखें रुतल्याची बारीक खरखर. ही खरखर ऐकूं आली कीं निकाल लागला. खंड्या खोडाला चिकटत नाहीं. त्याचा ठेका मात्र क्वचित् ऐकावयास मिळतो. तो सरळ, सारख्या वजनाचा, दोन-तीन सेकंदांचा. चढ नाहीं, उतार नाहीं.

उलट तांबूस सुताराचा ठेका एकदां ऐकला तर जन्मभर विसरतां येत नाहीं. हा पक्षी येऊरच्या रानांत भेटतो. पूर्वीं भाताला पाणी देण्यासाठीं तेलाचीं इंजिनें असत. इंजिन बंद केलें कीं तें एकदम थांबत नसे. धडधडधड, धड-धड, धड... धड... धड् असें दमत दमत विझे. तांबूस सुताराचा ठेका अगदीं तसाच : आरंभीं जलद, मग ठोक्याठोक्यांतलें अंतर वाढत जातें, आणि शेवटचा ठोका आतां येतो कीं नाहीं म्हणून आपण वाट पाहत राहतों. या एका लक्षणावर त्याला डोळे मिटून ओळखावें. कंठरव मात्र त्याचा फसवा. तीन-चार नाकांतल्या सुरांची हांक, थोडी साळुंकीच्या वळणावर जाणारी. या पक्ष्याची राहणीहि विलक्षण. झाडावर मुंग्या जें गोळ्यासारखें घर बांधतात, त्या नांदत्या घरांतच हा ढोली करून अंडीं घालतो. मुंग्या खातोहि आणि त्यांच्याच घरीं संसारहि थाटतो. अशा भाडेकरूला काय म्हणावें!

चिमणीएवढा एक बुटका सुतारहि आपल्याकडे आहे, तपकिरी डोक्याचा. त्याचा आवाज बारीक, चिरका, एका दमांत ओढलेला, आणि ठेका इतका हलका कीं शेजारच्या घरांत कोणी टाचणीनें पाटी खरवडतो आहे असें वाटावें. गाड्यांच्या गोंगाटांत मला तो दिव्यास कधींच ऐकूं आला नाहीं. येऊरला पहांटे ऐकला आहे.

मराठा सुताराविषयीं मात्र दोन शब्द अधिक बोललेंच पाहिजे. जॉन लेथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें १८०१ सालीं या पक्ष्याला शास्त्रीय नांव देतांना त्यांत आपल्या मुलुखाचें नांव घातलें, 'मराटेन्सिस'. पिंवळसर डोकें, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची घोंगडी पांघरलेला, असा तो काटक पक्षी आहे. त्याला कोंकणच्या दाट रानापेक्षां देशावरचीं बाभळींचीं मोकळीं रानें जास्त मानवतात. माझें आजोळ जुन्नर तालुक्यांत. तेथें ओढ्याकांठच्या बाभळींत क्लिक्, क्लिक्, क्लिक्-र्‍र्‍ असा तुटक, खणखणीत आवाज लहानपणीं कितीदां ऐकला. पण तो या पक्ष्याचा हें कळावयास वयाचीं चाळीस वर्षें जावीं लागलीं. सोनपाठ्यासारखें तो हसत नाहीं. नेमकें बोलून गप्प बसतो.

सह्याद्रीच्या दाट रानांत आणखी मोठे सुतार आहेत, त्यांच्या ठेक्यानें दरी दुमदुमते. पण मीं ते फार थोडे ऐकले आहेत, म्हणून त्यांचें वर्णन अधिकारी माणसांवर सोंपवितों.

ऐकावयास केव्हां जावें? पौषाच्या अखेरीपासून चैत्रापर्यंत, सूर्योदयानंतरचे दोन तास. पांगारा आणि कांटेसांवर फुलली असेल तर तिच्याजवळ उभें राहावें; सुतारपक्षी फुलांतला मधहि चाखतात. ठोके मोजण्याच्या भरीस पडूं नये. सेकंदाला वीस ठोके मनुष्याच्या कानाला मोजतां येत नाहींत. ठेक्याचा आकार ध्यानांत धरावा : किती वेळ चालला, चढला कीं उतरला, आणि संपला कसा. आजकाल भ्रमणध्वनीवर पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज सहज मिळतात. 'झेनो-कँटो' नांवाचा जगभरच्या हौशी लोकांनीं २००५ पासून जमविलेला संग्रह माझ्या नातीनें मला ऐकविला, आणि त्याचा मला फार उपयोग झाला. परंतु तो घरांत बसून ऐकावा. विणीच्या दिवसांत रानांत उभें राहून हे आवाज वाजविले तर पक्ष्याला वाटतें, हद्दींत दुसरा शिरला. तो अंडींपिलें सोडून आपल्या डोक्यावर घिरट्या घालूं लागतो. छायाचित्राच्या लोभानें कित्येक सुशिक्षित माणसें हें करतात, तें मला पसंत नाहीं.

आतां आमच्या माडाची हकीकत सांगतों.

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यांत लोकल गाड्या बंद झाल्या तें आपणांस आठवत असेल. पाडव्याच्या सकाळीं मी गच्चीवर उभा होतों. दिव्यास राहून मला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, पण अशी शांतता मीं कधीं अनुभविली नव्हती. मनांत भीतीहि होती. तेवढ्यांत आमच्या इमारतीच्या कुंपणांतल्या शेंडा गेलेल्या माडावरून ठेका आला. सरळ, सारखा, तीन सेकंदांचा. सोनपाठी सुतार! तो त्याआधींहि तेथें ठोकीत असेलच; गाड्यांमुळें माझ्या कानांपर्यंत पोंचला नसेल. पुढचे कित्येक दिवस तो ठेका हेंच माझें वर्तमानपत्र होतें.

दुसऱ्या वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूनें गेलें. आमच्या आळींत दोन झाडें पडलीं. लगेच जिन्याखालीं अंतर राखून सभासदांची बैठक भरली आणि तो बोडका माड पावसापूर्वीं तोडावा असें ठरलें. मी विरोध करावयास उभा राहिलों. चिटणीस म्हणाले, "गुरुजी, उद्यां तो एखाद्या पोरावर पडला तर?" याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. माड खरोखरच धोक्याचा झाला होता, आणि खालीं मुलें खेळत. मीं ठरावावर सही केली. पण एक गोष्ट सांगितली : "ढोलींत पिलें आहेत. थोडे दिवस द्या." पिलें कोणी पाहिलीं, असें साहजिकच विचारण्यांत आलें. कोणीच पाहिलीं नव्हतीं. मीं ऐकलीं होतीं. खोडाला कान लावला कीं आंतून एक अखंड घरघर ऐकूं येई, शिवणयंत्र लांबवर चालावें तशी, आणि मोठा पक्षी ढोलीशीं आला कीं ती एकदम तार चढे. मीं दोघां-तिघांना कान लावावयास सांगितलें. चिटणिसांनीं स्वतः कान लावला आणि पुष्कळ वेळ काढलाच नाहीं. करवतवाल्याला पंधरा दिवसांनीं या म्हणून कळविण्यांत आलें.

मग माझा तोच उद्योग झाला. सकाळीं उठावें, थेंब घालावे, खालीं येऊन खोडाला कान लावावा. अकराव्या दिवशीं आवाज थांबला. पिलें उडालीं असतील असें मन म्हणे; धामण चढली असेल, कावळ्यांनीं नेलीं असतील, असेंहि मनच म्हणे. त्या दिवशीं मला जेवण गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे मागच्या जांभळींतून ओळखीचें हास्य ऐकूं आलें, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरें, तसेंच, पण घोगरें आणि मध्येंच तुटणारें. शिकाऊ मुलानें पेटी वाजवावी तसें. नातीला दुर्बीण घेऊन धांवत बोलाविलें. ती म्हणाली, "आजोबा, तीन आहेत. एक नीट चिकटत नाहीं, घसरतोय."

जूनच्या पहिल्या आठवड्यांत माड तोडला. बुंध्याचा पुरुषभर उंचीचा भाग तेवढा माझ्या विनंतीवरून राखला. त्याला आतां मुंग्या लागल्या आहेत. तेथें ठेका धरावयास मात्र कोणी आलें नाहीं. खुंटाला घुमारा नसतो.

गेल्या रविवारीं मेगाब्लॉक होता. साडेअकराच्या सुमारास गच्चीवर वाळवण राखीत बसलों असतां खाडीकडच्या झाडांतून एक ठेका आला. सरळ होता, सारख्या वजनाचा होता. एक सेकंद झाला, दोन झाले, आणि तेवढ्यांत पनवेलच्या गाडीनें भोंगा दिला. शेवट ऐकूं आला नाहीं.